मेंदूच्या स्कॅनच्या संशोधनात भाग घेताना: इंदूरच्या मराठी घरांसाठी

न्यूरॉलॉजीच्या किंवा मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर नंबर लावून बसलेलं असताना एखादा तरुण डॉक्टर फाइल घेऊन जवळ येतो आणि विचारतो, "हमारी एक स्टडी चल रही है, माताजी का एमआरआय फ्री में हो जाएगा, करवाएँगे?" घरात स्मृतिभ्रंश, पार्किन्सन, अपस्मार, स्किझोफ्रेनिया किंवा जुनं डिप्रेशन असेल, तर त्या वाक्यातला फक्त "फ्री" आपल्या कानात राहतो. आईबरोबर मी या सगळ्यातून गेले आहे. ती विसराळूपणाच्या रुग्णगटात होती आणि मी तुलनेसाठीच्या निरोगी गटात, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्या. राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगरातून ओळखीचे लोक अजून फोन करून विचारतात, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते: जमत असेल तर भाग घ्या. मेंदूच्या प्रतिमांवर आजवर जे काम झालं, त्यातला मोठा भाग अमेरिका आणि युरोपातल्या लोकांवरचा आहे. आपलं खाणं, शिक्षण, एकाच वेळी दोन-तीन भाषा बोलणं, मधुमेहाचं प्रमाण, हे सगळं त्यात फारसं आलेलं नाही. पण हो म्हणण्याआधी पुढचं नीट वाचा.

१. ही तपासणी आहे की संशोधन, ते आधी विचारा

गाठ, पक्षाघात, रक्तस्राव किंवा अपस्माराचं मूळ शोधायला डॉक्टर जो एमआरआय लिहून देतात, ती तपासणी. तिचा रिपोर्ट तुमच्या उपचारासाठी असतो. संशोधनातला स्कॅन गटांची तुलना करायला असतो: आजार असलेले इतके जण, नसलेले इतके जण, आणि त्यांच्या सरासरीत फरक काय.

हा फरक समजला नाही की पुढे मनस्ताप होतो. १९७६ मध्ये इंग्लंडमधल्या एका गटाने सीटी स्कॅनवर दाखवलं, की दीर्घकाळ स्किझोफ्रेनिया असलेल्या रुग्णांच्या मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या निरोगी माणसांपेक्षा मोठ्या असतात. त्यानंतर हजारो स्कॅन झाले. अनेक देशांचे स्कॅन एकत्र करणाऱ्या एनिग्मा नावाच्या गटाने डिप्रेशनमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणाशी जोडलेला भाग, सरासरीने किंचित लहान असल्याचं दाखवलं. हे सगळं खरं आहे, पण सरासरीचं. दोन्ही गटांतली माणसं एकमेकांत इतकी मिसळलेली असतात, की एकट्या माणसाचा स्कॅन पाहून त्याला डिप्रेशन किंवा स्किझोफ्रेनिया आहे असं आज कुणीही सांगू शकत नाही. निदान अजूनही माणसाशी आणि घरच्यांशी बोलूनच होतं. स्कॅनवरून मानसिक आजाराचा प्रकार आणि औषध सांगतो म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर तिथून सरळ उठून या.

म्हणून पहिला प्रश्न हा: "याच्या निकालावरून आईच्या उपचारात काही बदलणार आहे का?" प्रामाणिक संशोधक "नाही" किंवा "बहुधा नाही" म्हणेल. ते उत्तर चांगलं समजा.

२. कोणतं मशीन, तेही विचारा

एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओलहरी असतात, क्ष-किरण नसतात. साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. फंक्शनल एमआरआय तेच मशीन वापरून रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावरून कुठला भाग कामाला लागला याचा अंदाज घेतो. हा परिणाम सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवला. डिफ्युजन स्कॅन मेंदूतल्या तंतूंच्या वाटा काढतो. ईईजीमध्ये डोक्यावर इलेक्ट्रोड लावून विद्युत संदेश नोंदवतात.

पेट स्कॅनचं मात्र वेगळं आहे. त्यात किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात. फ्लोरिन-१८ असेल तर साधारण ११० मिनिटांत त्याचा जोर निम्मा होतो. साखरेचं द्रव्य असेल तर काही तास उपाशी राहावं लागतं आणि रक्तातली साखर आटोक्यात असावी लागते. पेट असेल तर किरणांचा डोस किती, वर्षभरात आणखी किती वेळा, आणि गरोदरपणाची चाचणी करणार का, हे विचारल्याशिवाय सही करू नका. एमआरआयमध्ये "कॉन्ट्रास्ट", म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून द्यायचं द्रव्य, देणार का, हेही विचारा. संशोधनात बहुतेकदा लागत नाही, आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याने तर ते आधीच सांगायला हवं.

३. कागद मागा, घरी न्या

इथे घाई करू नका. कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या सही करायची नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सहभागी माणसाला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी लागते, आणि विचार करायला वेळही. तुमच्या हातात हे यायला हवं:

- माहितीपत्रक: काय करणार, किती वेळ, कोणते धोके
- संमतीपत्राची सही केलेली एक प्रत, तुमच्याकडे ठेवायला
- एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधन तपासून परवानगी देणाऱ्या समितीच्या, मंजुरीचा क्रमांक आणि कमिटीच्या सदस्य-सचिवांचा फोन
- मुख्य संशोधकाचं नाव आणि नंबर
- प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि इजा झाल्यास भरपाई याबद्दलचा लेखी मजकूर

तुम्ही न्यायचं ते: आधार कार्ड, जुने एमआरआय किंवा सीटीच्या सीडी आणि रिपोर्ट, चालू औषधांची मात्रेसह यादी, झालेल्या शस्त्रक्रियांचे डिस्चार्ज कार्ड, आणि शरीरात काही बसवलेलं असेल तर त्याचं कार्ड. या शेवटच्या कार्डाबद्दल पुढे लिहिते.

एथिक्स कमिटीची नोंदणी सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाकडे असावी लागते. नवीन औषधं आणि क्लिनिकल चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत ते आलं आहे. औषधाची चाचणी जोडलेली असेल तर सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर तिची नोंद असायलाच हवी. ती कुणालाही फुकट शोधता येते. नुसत्या निरीक्षणाच्या अभ्यासाची नोंद तिथे नसली, तर लगेच संशय घेऊ नका. पण एथिक्स कमिटीची मंजुरी नाही, किंवा "वो तो बाद में दे देंगे" असं कुणी म्हणालं, तर भाग घ्यायचा नाही.

माहितीपत्रकात आणखी एक ओळ शोधा: स्कॅन दुसऱ्या संशोधकांना देणार का? देणं चांगलंच आहे, एकाच स्कॅनवर अनेकांना काम करता येतं. पण डोक्याच्या एमआरआयमध्ये चेहऱ्याची ठेवणही येते. अमेरिकेत २०१९ मध्ये ८४ स्वयंसेवकांचे स्कॅन आणि फोटो चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला दिले, तेव्हा त्यातल्या ७० जणांची जोडी बरोबर जुळली. म्हणून नाव काढून टाकणं पुरेसं नाही. "डेटा बाहेर देण्याआधी चेहरा पुसणार का?" असं थेट विचारा. नीट काम करणारे लोक पुसतातच, आणि प्रश्नाने त्यांना राग येत नाही.

४. सही कोणाची?

आजारी माणसाची. तो समजून निर्णय घेऊ शकत असेल, तर मुलगा, सून, नवरा कुणीही त्याच्या वतीने सही करू शकत नाही. आपल्याकडे "बाबांना काय कळतंय, मीच करतो" हे सर्रास चालतं. ते करू नका. डॉक्टरांना म्हणा, पुन्हा सावकाश समजावून सांगा.

मानसिक आजार असलेल्यांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ९९ आहे. मुलाखत असो की शारीरिक, मानसिक, औषधी हस्तक्षेप, संशोधनासाठी त्या व्यक्तीची स्वतंत्र, समजून दिलेली संमती हवी. ती संमती देऊ शकत नसेल आणि विरोधही करत नसेल, तर अशा हस्तक्षेपाच्या संशोधनाला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. नामनिर्देशित प्रतिनिधीची, म्हणजे त्या व्यक्तीच्या वतीने नेमलेल्या माणसाची, संमती त्यानंतरची. दिलेली संमती कधीही मागे घेता येते. मुलांच्या बाबतीत आईवडिलांच्या सहीबरोबर मुलाचा होकारही घ्यायचा असतो: ७ ते १२ वर्षांपर्यंत तोंडी, १२ ते १८ लेखी.

नाही म्हटल्याने ओपीडीतला उपचार बदलता कामा नये. तसं कुणी सुचवलं, तर एथिक्स कमिटीला फोन करा. त्यांचा नंबर कागदावर त्यासाठीच असतो.

५. चाचण्या कोणत्या भाषेत?

स्कॅनबरोबर स्मरण, लक्ष आणि भाषेच्या चाचण्या असतात आणि त्यांचे गुण स्कॅनशी जोडले जातात. गुण चुकीचे आले, तर स्कॅन कितीही सुरेख असो, निष्कर्ष चुकतो. आपल्या घरांत हा प्रश्न खरा आहे. आपण बाजारात हिंदी बोलतो, घरात मराठी, आणि आजी-आईंची पिढी मराठी शाळेत शिकलेली.

आईला हिंदीत एका मिनिटात जितके प्राणी आठवतील तितके सांगायला सांगितले. गाय, भैंस, बकरी पटापट आले. मग ती थांबली, बोटांनी पदराची कडा चाळवू लागली, आणि माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "खार म्हणू का गं?" चाचणी घेणाऱ्या मुलीने मान हलवून चालेल म्हटलं, आणि आईची गाडी मुंगूस, रेडकू, घोरपड अशी पुढे सुरू झाली. मराठी नावं चालतील हे आधी ठरलेलं नसतं, तर तिचे गुण अर्धे आले असते आणि कागदावर ते स्मरणशक्तीचं नुकसान म्हणून गेलं असतं.

म्हणून चाचणीआधीच सांगा: मातृभाषा मराठी, शिक्षण इतकं, अमुक माध्यमात. मराठीतलं उत्तर धरणार का, ते विचारा. चाचणीची मराठी आवृत्ती असेल तर तीच मागा. तोंडी भाषांतर करून देऊ म्हणत असतील, तर ते नोंदवायला सांगा. शिक्षणाचा परिणाम संशोधकांनाही माहीत आहे. हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन ही चाचणी १९९५ मध्ये हरियाणातल्या बल्लभगढच्या अभ्यासातून आली, ती खेड्यातल्या निरक्षर वृद्धांना घेता यावी म्हणून. मूळ इंग्रजी चाचणीत एक वाक्य लिहायला सांगतात. इथे घराबद्दल काहीतरी सांगायला सांगतात.

आणि नातेवाईकांनो, चाचणी चालू असताना उत्तर पुटपुटू नका. खोलीबाहेर बसा.

हाताचाही प्रश्न येतो: उजवे की डावखुरे? उजव्या हाताने काम करणाऱ्या साधारण ९५ टक्के लोकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते, डावखुऱ्यांत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे लहानपणी मारूनमुटकून उजव्या हाताने जेवायला-लिहायला शिकवलेले कितीतरी जण आहेत. नुसतं "राइट" सांगू नका. दगड कोणत्या हाताने फेकता, काडेपेटी कोणत्या हाताने ओढता, तेही सांगा.

६. धातू: इथे चूक चालत नाही

चुंबक दिवसरात्र चालू असतो. स्कॅन सुरू नसला, तरी खोलीत शिरताना ओढ असते. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत एका रुग्णाच्या नातेवाईकाचा ऑक्सिजनच्या सिलिंडरसकट मशीनकडे ओढला जाऊन मृत्यू झाला. म्हणून सोबतच्या माणसालाही तीच तपासणी लागू आहे, हे लक्षात ठेवा.

शरीराच्या आतलं आधी सांगा. पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून कानाच्या आत बसवलेलं यंत्र), स्टेंट, गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा, हाडातली प्लेट, तांबी. यातलं बरंचसं चालतं, पण कोणतं चालतं ते कंपनी आणि मॉडेल पाहून टेक्निशियन ठरवतो, आपण नाही. मागे उल्लेख केलेलं कार्ड त्यासाठीच हवं. ते हरवलं असेल, तर ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तिथून नोंद काढून आणा. सांवेर रोडला किंवा पीथमपूरला लेथ, ग्राइंडर, वेल्डिंगवर काम केलेल्यांनी ते आवर्जून सांगावं. डोळ्यात लोखंडाचा बारीक कण राहिलेला असू शकतो. आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतील, काढू द्या.

अंगावरचं घरूनच उतरवून जा. मंगळसूत्र, बांगड्या, नथ, कानातली, केसातल्या पिना हे सगळ्यांना आठवतं. विसरतं ते हे: साडीच्या निऱ्यांतली सेफ्टी पिन, जोडवी, ब्लाउजचे हूक, जानव्याला बांधलेली तिजोरीची किल्ली, ताईत, कवळी, ऐकायचं मशीन, अंगावर लावलेला औषधाचा पॅच. महेश्वरी किंवा चंदेरीच्या जरीत धातूचा तंतू असू शकतो, तेव्हा साडीच नको. बिनजरीचा सुती सलवार-कुडता बरा, किंवा तिथला गाऊन. घट्ट बसलेली जोडवी आदल्या रात्री साबण लावून काढा. तिथे ऐनवेळी ओढाताण झाली की बोट सुजतं. काजळ, सुरमा लावू नका. जुन्या बायकांच्या हाताकपाळावर गोंदण असतं, ते दाखवून ठेवा, आणि स्कॅनमध्ये तिथे गरम वाटलं तर लगेच सांगायचं हेही समजावून ठेवा.

दातातली तार किंवा ब्रिज धोकादायक नसले, तरी चित्र बिघडवतात. तेवढ्यावरून कधी कधी अभ्यासातून नाव गळतं. वाईट वाटून घेऊ नका.

७. आदला दिवस

औषधं स्वतःहून बंद करू नका. "स्टडीला औषध न घेतलेले रुग्ण हवेत" असं कानावर येतं आणि घरचे गोळ्या थांबवतात. अपस्माराच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या अचानक थांबवल्या, तर झटका येऊ शकतो, आजार उलटू शकतो. काय घ्यायचं, काय नाही, ते उपचार करणारा डॉक्टर सांगेल, संशोधनातला सहायक नाही.

चहा-कॉफीतलं कॅफिन मेंदूचा रक्तप्रवाह कमी करतं आणि फंक्शनल एमआरआयच्या संकेतावर परिणाम करतं. सकाळच्या चहाचं काय करायचं, ते विचारून घ्या. रोजचा चहा एकदम तोडला तर डोकं दुखतं, तेही त्यांना सांगा. तंबाखू-गुटख्याचंही खरं सांगा. ईईजी असेल तर डोकं धुऊन, बिनतेलाचं न्या. घरून निघताना कुणीतरी प्रेमाने तेल चोपडून देतंच, त्यांना आदल्या दिवशीच बजावा.

घरी एक सराव करा. जमिनीवर सतरंजी घालून दहा मिनिटं उताणं, अजिबात न हलता पडा. फोनवर एमआरआयचा आवाज लावा. ज्यांना बंद जागेची भीती वाटते, त्यांना हे करून पाहिल्याशिवाय नेऊ नका.

८. मशीनमध्ये

कानात बोळे किंवा हेडफोन घातल्याशिवाय स्कॅन सुरू होऊ देऊ नका. आवाज फार मोठा असतो. डोक्याभोवती कॉइल, म्हणजे संकेत पकडणारा पिंजऱ्यासारखा साचा, बसवतात, डोळ्यांपुढे तिच्या पट्ट्या येतात. हातात एक रबरी बल्ब देतात. तो दाबला की ते थांबतात. आत जाण्याआधी एकदा दाबून पाहा.

सगळं मिळून पाऊण ते एक तास, पाच-दहा मिनिटांच्या तुकड्यांत. खोकणं, गिळणं, नाक खाजवणं दोन तुकड्यांच्या मध्ये. अर्धा मिलिमीटर डोकं हललं, तरी आकडेमोडीत ते पकडलं जातं. हे क्षुल्लक नाही. २०१२ च्या सुमारास अनेक गटांनी दाखवलं, की मेंदूच्या भागांमधल्या जोडण्यांत दिसणारा फरक नुसत्या डोकं हलण्यानेही दिसू शकतो. रुग्ण निरोगी माणसांपेक्षा जास्त हलतात, तेव्हा आजाराचा म्हणून दिसलेला फरक हालचालीचाही असू शकतो.

एका भागात काहीही न करता एका अधिक चिन्हाकडे बघत पडायला सांगतात. तिथे डोळा लागतो. लागला तर लागला, पण बाहेर आल्यावर खरं सांगा. झोपलेल्या मेंदूचं चित्र वेगळं येतं.

अवघड वाटलं तर थांबा म्हणा. आत गेल्यावरही तुम्हाला तो हक्क आहे.

९. नंतर

रिपोर्टची वाट बघत बसू नका, तो बहुधा मिळणार नाही. मात्र एक गोष्ट सही करण्याआधीच ठरवून घ्यायची: स्कॅनमध्ये अनपेक्षित काही दिसलं, तर कोण बघणार, आणि कोण सांगणार? २००९ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्र हिशोब झाला, तेव्हा कुठलीही तक्रार नसलेल्या साधारण ३७ जणांमागे एकाच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये असं काहीतरी सापडत होतं. त्यातलं बरंच निरुपद्रवी असतं, काही नसतं. संशोधनाचे सगळे स्कॅन रेडिओलॉजिस्ट पाहतोच असं नाही. पाहणार असेल, तर तुम्हाला कळवायचं की नाही हा पर्याय संमतीपत्रात असायला हवा. मी "कळवा" वर खूण केली. तुम्ही घरात बोलून ठरवा, कारण कळल्यावर पुढच्या तपासण्यांचा खर्च बहुतेकदा आपलाच असतो.

रिक्षाच्या भाड्याचे पैसे त्याच दिवशी मागा, संकोच नको. स्कॅनच्या फाइलची सीडी देणार असतील तर घ्या, पण ती दाखवत डॉक्टर बदलत फिरू नका. संशोधनाच्या सेटिंगवरचं चित्र तपासणीच्या उपयोगाचं असेलच असं नाही.

बऱ्याच अभ्यासांत वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा बोलावतात, आणि खरी माहिती तिथूनच मिळते: तोच मेंदू, तेच मशीन, मधला काळ. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुराच्या गावांमध्ये वृद्धांचा असाच पाठपुरावा चालू आहे. म्हणून फोन नंबर बदलला तर कळवा. मधल्या काळात कोणतं औषध कधी सुरू झालं, कधी बंद झालं, रुग्ण कधी पडला, कधी दवाखान्यात राहिला, हे एका वहीत तारखेसह लिहीत जा आणि दुसऱ्या स्कॅनला जाताना ती वही बरोबर न्या.